बिऱ्हाड पाठीवर, समुद्र उजव्या हाताला



एरवी मी तुमच्यापुढे येतो तो खताच्या मात्रा, बीजप्रक्रिया, नाही तर कांद्यावरचा करपा घेऊन. आज यांतले काही सांगणार नाही. आज तुम्हांला समुद्रकाठी फिरायला नेणार आहे, आणि तेही सगळे घर बरोबर घेऊन. "आमच्यामागे जनावरे आहेत, आम्हांला कुठले फिरणे?" असे तुम्ही म्हणाल, हे मला ठाऊक आहे. विस्तार खात्यात तीस वर्षे गावोगाव फिरताना हे वाक्य मी ऐकले आहे. माझ्या थोरल्या भावाच्या तोंडून तर ते जन्मभर ऐकत आलो. म्हणून सुरुवात दादांपासूनच करतो.

आमचे गाव खेड तालुक्यात, चाकणला लागून. चाकणचा कांदा-बटाट्याचा बाजार तुम्हांला ठाऊक असेलच. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, पुढे भोसरी-चिंचवडला एमआयडीसी झाली, आणि १९९० नंतर कारखान्यांनी इंद्रायणी ओलांडून चाकण गाठले. आमची जमीन सात एकर. त्यातली पाच एकर कारखान्यांच्या पट्ट्यात गेली, दोन एकर राहिली. तेवढ्यात दादा अजून कांदा करतात आणि दोन गायी सांभाळतात. त्यांच्या मुलाने, म्हणजे माझ्या पुतण्याने, कर्ज काढून सतरा सीटांची गाडी घेतली आणि ती कंपनीच्या पाळ्यांवर लावली. पहाटेची पाळी, दुपारची पाळी, रात्रीची पाळी. पूर्वी आमचे घर सूर्यावर चालायचे, आता भोंग्यावर चालते.

मी स्वतः १९८८ ते १९९२ या काळात दापोलीला कोकण कृषी विद्यापीठात बी.एस्सी. केले. माझी मनीऑर्डर दर महिन्याला यायची, ती चाकणच्या बाजारात दादांनी विकलेल्या कांद्यातून. पण दादांनी ना दापोली पाहिली, ना समुद्र. माझ्या पदवीदानाला यायला निघाले होते. आदल्या रात्री गाय अडली, म्हणून राहिले. त्यानंतर तीस वर्षांवर काळ गेला. दादा आता सहासष्ट वर्षांचे आहेत, गुडघे कुरकुरतात. गेल्या दिवाळीत ओवाळून झाल्यावर ते सहज म्हणाले, "तुझ्या त्या दापोलीला एकदा जायचं व्हतं. ऱ्हायलंच."

ते ऐकल्यावर माझ्या घशाखाली करंजी उतरेना.

दिवाळीत कंपनी चार-पाच दिवस बंद होती, म्हणजे गाडी मोकळी होती. बाजरी, सोयाबीन घरात आले होते, उन्हाळी कांद्याची रोपे अजून लागवडीजोगी व्हायची होती. प्रश्न राहिला गायींचा. तो वहिनींनी सोडवला. त्या शेजारणीला म्हणाल्या, "चार दिवस धारा तुम्ही काढा, दूध तुमचं. पुढं तुम्ही जाल तवा तुमच्या म्हशी मी बघंन." पाहा, सावड आपल्याला नवी आहे का? खुरपणीला सावड, कापणीला सावड. मग फिरायला का नको?

परदेशात आणि आता आपल्याकडेही 'कॅरॅव्हॅन' म्हणून एक प्रकार निघाला आहे. गाडीतच झोपायचे, गाडीपाशीच रांधायचे. आपल्या राज्य शासनाने २०२१ साली त्याचे धोरणही जाहीर केले. पण तुम्हीच आठवा, निमगावच्या खंडोबाला आपली आजी-आजोबा कशी जायची? बैलगाडीत कडबा, त्यावर घोंगडी, खाली बांधलेला कंदील, दगडांची चूल. ती आपली कॅरॅव्हॅनच होती. आम्ही गाडीच्या सीटा काढल्या नाहीत, कारण परवानगीशिवाय गाडीत फेरफार करणे नियमात बसत नाही. मागच्या रांगांमध्ये खोकी ठेवून त्यावर फळ्या टाकल्या, वर गाद्या. पाच किलोचा छोटा सिलिंडर आणि शेगडी घेतली, पण कटाक्ष ठेवला की स्वयंपाक बाहेर उघड्यावरच होणार, गाडीत नाही. पाण्याचे दोन कॅन, पिठाचा डबा, चटणी आणि चाळीतला कांदा अर्धे पोते. कांदा दादांनी हट्टाने घेतला. "परक्याच्या दारात रिकाम्या हातानं जायचं नसतं," म्हणाले.

आम्ही एकूण सात जण होतो: दादा-वहिनी, पुतण्या, सून, अकरा वर्षांची नात, सात वर्षांचा नातू आणि मी. भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी, कार्तिक शुद्ध तृतीयेला, पहाटे चारला निघालो. पौडवरून ताम्हिणी घाट उतरलो, माणगाव आणि म्हसळा मागे टाकून दुपारी दिवेआगरला पोहोचलो. सुरूच्या बनातून पुढे झालो आणि समोर समुद्र आला. पोरे धावत सुटली. दादा मात्र वाळूच्या काठाला वहाणा काढून उभे राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "एवढं पाणी, आन् एक वाफा भिजायचा न्हाई."

रात्री एका नारळ-सुपारीच्या वाडीत गाडी लावायची परवानगी मिळाली. वाडीत एकटी आजी होती. अंगण झाडलेले, पण वाडीत मध्येच आभाळ दिसत होते. विचारले, तेव्हा कळले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या या किनाऱ्यावर आले, तेव्हा तिच्या सासऱ्यांनी लावलेली माडा-पोफळींची झाडे काही तासांत आडवी झाली. श्रीवर्धनची रोठा सुपारी सगळीकडे नावाजलेली आहे, पण सुपारीचे रोप लावल्यावर फळाला पाच ते सात वर्षे लागतात, आणि बाणवली नारळाला सहा ते आठ. कांद्याचे पीक गेले तर आपण चार महिन्यांनी पुन्हा उभे राहतो. इथे एक दुपार म्हणजे अर्धे आयुष्य.

तरीही आजीने त्याच पावसाळ्यात रोपे लावली. आता ती डोक्याच्या वर गेली आहेत. मोकळ्या जागेत केळी आणि झाडांवर मिरीचे वेल आहेत. दादा अंधार पडेपर्यंत तिच्याबरोबर वाडीत फिरले. पाणी कसे देता, शेण कुठून आणता, भुंगा लागतो का, हे सगळे विचारून घेतले. शेवटी म्हणाले, "आजी, ही सुपारी लागंल तवा काढायला कोण हाय?"

"मुलगा आहे ना," ती म्हणाली. "तिकडे चाकणला कंपनीत आहे."

दादा काही बोलले नाहीत. मलाही काही सुचले नाही. आपल्या जमिनीवर कारखाना उभा राहिला, आणि त्यातल्या पगारासाठी हिचा मुलगा वाडी सोडून आला. दोन टोकांची दोन घरे, आणि मध्ये एक सह्याद्री. दादांनी तिच्याकडून मुलाचा पत्ता लिहून घेतला.

त्याच आजीने पोरांना एक हिशेब शिकवला. तुम्हीही लिहून ठेवा, समुद्रावर जाणाऱ्याला तो उपयोगी आहे. पंचांगातली तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. जो आकडा येईल, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पक्ष शुद्ध असो की वद्य, दिवसाही तेच आणि रात्रीही तेच. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. दर दिवशी भरती पाऊण तासाने पुढे सरकते. हा ढोबळ हिशेब आहे, जागेप्रमाणे थोडा मागेपुढे होतो. पण नातीला तो इतका आवडला, की रात्री झोपेपर्यंत ती एकेक तिथीची भरती सांगत होती.

दुसऱ्या दिवशी चतुर्थी. भरती तीनला, म्हणजे ओहोटी सकाळी नऊच्या सुमारास. म्हणून आम्ही पहाटेच दिवेआगर सोडले आणि शेखाडीवरून समुद्राच्या काठाकाठाने श्रीवर्धन करून हरिहरेश्वर गाठले. तिथली प्रदक्षिणेची वाट डोंगराखालून खडकांवरून जाते, आणि भरतीत ती पाण्याखाली जाते. लाटेने माणसे ओढून नेण्याचे प्रकार तिथे घडलेले आहेत. तेव्हा ओहोटी असल्याशिवाय आणि गावकऱ्यांना विचारल्याशिवाय त्या वाटेला पाऊल टाकू नका.

तिथून थोड्या अंतरावर बागमांडला. इथे सावित्री नदी समुद्राला मिळते. अलीकडे रायगड जिल्हा, पलीकडे रत्नागिरी. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावलेली ही नदी इथे खाडी होऊन पसरते. पलीकडे जायला फेरीबोट आहे, तिच्यात माणसांबरोबर मोटारीही चढतात. अख्खी गाडी पाण्यावरून चाललेली पाहून नातवाने विचारले, "आजोबा, गाडी बंद हाय, तरी आपण कसं चाललो?" पुतण्या हसून म्हणाला, "पयल्यांदाच मला कुणीतरी बसवून नेतंय."

वेश्वीला उतरून केळशीवरून आंजर्ल्याला मुक्काम केला. वाटेत डाव्या हाताला जांभ्या दगडाचे लाल उतार, कापून झालेली भाताची खाचरे आणि त्यातल्या ओलीवर पेरलेला कडवा वाल होता. आपल्या चाकणला वर्षाला सहा-सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, इथे तीन हजारांच्या वर. तरी मे महिन्यात इथल्या कित्येक वाड्यांना प्यायच्या पाण्याची ओढ लागते. जांभा पाणी धरून ठेवत नाही, आणि उतार ते समुद्राकडे घेऊन जातो. पुतण्याला म्हटले, पाऊस किती पडतो यापेक्षा रानात किती मुरतो, हे महत्त्वाचे. हे मी गावात बांधबंदिस्तीच्या बैठकीत किती वेळा सांगितले असेल! तेव्हा तो मोबाईलमध्ये बघत बसायचा. इथे मान हलवली.

तिसऱ्या दिवशी पंचमीला सकाळी हर्णै बंदर पाहिले. समोर सुवर्णदुर्ग पाण्यात उभा. इथला मासळीचा लिलाव प्रसिद्ध आहे. माझ्या कॉलेजच्या दिवसांत इथे बैलगाड्या पाण्यात घालून होड्यांमधली मासळी काठावर आणत. दादा माळकरी, मासळी शिवत नाहीत, पण लिलावाच्या कडेला तासभर उभे राहिले. ढीग मांडलेले, बोली चढत चाललेली, आणि माल आणणारा गप्प उभा. "भाव ठरवणारा दुसराच," दादा म्हणाले. "आपल्या बाजारागतच की."

आता आमच्या चुकीची गोष्ट सांगतो. ती तुम्ही करू नये म्हणूनच सांगतो.

हर्णैहून पुढे कर्द्याचा लांबलचक किनारा आहे. दुपारी बाराच्या सुमाराला तिथे पोहोचलो. मी आणि दादा मागे गादीवर लवंडलो होतो. वाळूत कोणाच्या तरी मोटारींच्या चाकोऱ्या दिसत होत्या. पोरांनी हट्ट धरला, आणि पुतण्याने गाडी थेट किनाऱ्यावर घातली. पाण्याजवळची ओली वाळू टणक असते, तिथे गाडी छान पळाली. परत वळताना मात्र एका ओहोळाच्या तोंडाशी मागची चाके बसली. त्याने जोर दिला, तशी ती आणखी रुतली. पाहतो तो खालचा दांडा वाळूला टेकलेला.

नात पाण्याकडे बघत होती. ती एकदम म्हणाली, "आज पंचमी. पाच पाऊणे पावणेचार. म्हंजे पाणी अजून तीन तास वरच येणार!"

तोवर ते कोणाच्या डोक्यात आले नव्हते. पुतण्याचा चेहरा पांढरा पडला. गाडीवर कर्ज, दर महिन्याचा हप्ता, आणि सुट्टी संपली की पहाटेची पाळी. खारे पाणी इंजिनात गेले तर सगळेच बुडाले. तो पुन्हा गाडी चालू करायला धावला. दादांनी त्याचा हात धरला.

"आरं, तापवू नको तिला. समदी खाली उतरा. सामान काढा."

मी कृषी पदवीधर, दापोलीला चार वर्षे राहिलेला. मला सुचले नाही. दादांना सुचले, कारण काळ्या रानात फसलेल्या बैलगाड्या त्यांनी उभ्या जन्मात शंभर वेळा काढलेल्या. आधी ओझे उतरवले. पोरांना वहिनींबरोबर वर सुरूच्या झाडांत पाठवले. मग चाकांच्या पुढची वाळू हाताने आणि ताटल्यांनी उकरून उतार केला. सुनेने आणि मी झावळ्या ओढून आणल्या, त्या चाकांखाली दडपल्या. एवढ्यात वाडीतले चार-पाच जण दोर घेऊन आले. त्यांच्यातला एक म्हणाला, "चाकातली हवा निम्मी काढा, म्हणजे टायर पसरतो, वाळू धरतो." ते दादांनाही नवे होते. एक जण ट्रॅक्टर घेऊन आला. पहिल्यांदा दोर तुटला. दुसऱ्यांदा गाडी हातभर हलली आणि पुन्हा बसली. पुन्हा उकरले, पुन्हा झावळ्या घातल्या. तोवर फेस चाकांपासून दहा-बारा पावलांवर येऊन परतू लागला होता. तिसऱ्या खेपेला गाडी निघाली आणि एका दमात वर चढली.

अर्ध्या-पाऊण तासाने आम्ही जिथे होतो, तिथे गुडघाभर पाणी होते.

त्या माणसांनी पैसे घेतले नाहीत. दादांनी कांद्याचे पोते उघडले आणि प्रत्येकाच्या पंच्यात ओंजळीने कांदा ओतला. तो त्यांनी हसत घेतला. पुतण्याला दादा रागावले नाहीत. संध्याकाळी, चहा पिताना, एवढेच म्हणाले, "वाफसा आल्याबगर रानात औत घालतो का आपण? मग इथली माती वळखल्याबगर गाडी कशी घातली?" पुतण्या मान खाली घालून म्हणाला, "चुकलं, दादा." मुक्कामाला दापोलीला गेलो, पण त्या रात्री आमच्यातले कोणी नीट झोपले नाही.

षष्ठीच्या सकाळी मी दादांना विद्यापीठात नेले. १९७२ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाने कोकणाला कितीतरी वाण दिले. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ साली रत्ना आंबा काढला. रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून १९९२ साली सिंधू दिला, ज्याची कोय अगदी पातळ असते. मी पदवी घेतली तेच ते साल. सुट्टीमुळे आवार शांत होते. कॉलेजची इमारत, वसतिगृह, आम्ही कलमे बांधायला शिकलो ती जागा, सगळे बाहेरूनच दाखवले. दादा कंबरेवर हात ठेवून ऐकत होते. नातवाने विचारले, "आजोबा, इथं तुम्ही शिकलात?"

"न्हाई," दादा म्हणाले. "इथं आपला कांदा शिकला."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझ्या त्या समारंभाच्या टायमाला गाय अडली व्हती ना, तिच्याच वेलीतली आत्ताची गाय हाय. आता आलो तर तिच्याच धारा शेजारीण काढतीया." असे म्हणून ते हसले. मला मात्र त्या झाडांखाली थोडा वेळ पाठ करून उभे राहावे लागले.

त्याच दिवशी मंडणगड, महाड, माणगाव, ताम्हिणी असे करत रात्री उशिरा घरी पोहोचलो. एकूण साधारण पाचशे किलोमीटर, पन्नासएक लिटर डिझेल, मुक्कामाच्या दोन-तीन जागांचे किरकोळ पैसे. बाकी खाणे घरचे. गायींनी दूध कमी केले नव्हते. शेजारीण आता पंढरपूरला जाण्याचा बेत करते आहे, तेव्हा सावड फेडायची पाळी वहिनींची.

तुम्ही निघाल तेव्हा एवढे ध्यानात ठेवा. पंचांग बरोबर असू द्या आणि भरतीचा हिशेब रोज सकाळी मांडा. गाडी वाळूत घालू नका, ती रस्त्यावरच बरी; आणि किनाऱ्यावर मोटारी नेण्यास मनाई असते, हेही विसरू नका. पोरांना पाण्यात एकटे सोडू नका. ओळख नसलेल्या किनाऱ्यावर आधी तिथल्या माणसाला विचारा. शेगडी गाडीबाहेर पेटवा. आणि आपल्या रानातले काहीतरी पोत्यात भरून न्या. त्याने जी ओळख होते, ती नोटेने होत नाही.

पुढची एक गोष्ट सांगून थांबतो. महिन्याने दादांनी दिवेआगरच्या आजीच्या मुलाला रविवारी जेवायला बोलावले. पोरगा लाजत आला. चाकणात सहा वर्षे काढली, पण इथल्या कोणाच्या घरी जेवला नव्हता, असे म्हणाला. दादांनी त्याला राहिलेली दोन एकर फिरून दाखवली. कांद्याची लागवड चालू होती. त्याने पँट वर केली, वाफ्यात उतरला आणि एक सरी लावून दिली. जाताना म्हणाला, "मे महिन्यात आठ दिवस रजा टाकतो. आईच्या वाडीला आळी करायची राहिलीत."

पुतण्या बांधावर उभा होता. त्या दोन एकरांवर भाड्याचे गाळे काढू, असे तो दिवाळीआधी म्हणत होता. त्या दिवशी त्याने तो विषय काढला नाही. पुढे काढील की नाही, मला सांगता येणार नाही. पण गाडी पाळीवर नसली की आता तो संध्याकाळी कांद्याला पाणी द्यायला जातो, आणि नात बांधावर बसून त्याला आजची भरती किती वाजता ते सांगते.